तात्यांचं चौदा पॉइंट दोन

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, लॅबच्या डॉक्टर मॅडमना नाही, तात्यांच्या घरच्यांना तर नाहीच. कोल्हापुरातल्या ज्या लॅबमध्ये मी आयुष्यभर नोकरी केली, तिथून एका काळात वर्षाहून अधिक दिवस बाहेर गेलेला हिमोग्लोबिनचा प्रत्येक आकडा खोटा होता. खऱ्यापेक्षा जास्त. यंत्र बिघडलं नव्हतं. ते मी माझ्या हातानं, दर सोमवारी, थोडं थोडं वर सरकवलं होतं. आणि ज्या माणसाचं रक्त खरं धरून सरकवलं, त्याच माणसाचं रक्त त्या काळात आतल्या आत जात होतं.

हेतू वाईट नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. आता त्याचाही शीण येतो. त्यापेक्षा तात्या कसे होते, ते सांगतो.

धोंडीराम कांबळे त्यांचं नाव. राहायला कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अलीकडे. तिथून सायकलवर यायचे. उंच, काटकुळे, केस तेलानं चापून बसवलेले. विजारीला लावलेली सायकलची क्लिप आत आल्यावर काढून टेबलाच्या कडेला अडकवायची, ती संध्याकाळपर्यंत तिथंच. पांढरा कोट रोज घरी स्वतः धुवायचे. मी एकदा म्हटलं, "तात्या, एक दिवसाआड धुवा की." तर म्हणाले, "रक्ताचं काम हाय बाबा. कोटावर एक डाग दिसला तर लोकास्नी वाटंल, हितं बकरं कापत्यात."

शाळा अकरावीपर्यंत. सरकारी दवाखान्यात काचा धुवायला लागले आणि बघून बघून सूक्ष्मदर्शकावर बसले. तिथल्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञानं त्यांना पेशी मोजायला शिकवलं. मोजताना तात्या खिशात चिंचोके ठेवायचे. काचेवर आखलेला एक चौकोन मोजून झाला की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. मोजायची बटणं लॅबमध्ये आली, तरी तात्यांचे चिंचोके सुटले नाहीत. मी नवीन असताना एकदा मोजणी चालू असताना त्यांना हाक मारली. त्यांनी डोळा नळीवरून न हलवता सांगितलं, "पावणं, आता बोलू नगा. अर्ध्या वाटंत हाय."

मी तेव्हा पंचविशीत होतो, लॅबचाच माणूस होतो, तरीही पावणं. नाव घ्यायला त्यांना सहा महिने लागले. त्यानंतर मात्र मी कायमचा 'सुकू' झालो.

मी हुपरीचा, जैन. घरात चांदीच्या पैंजणांचं काम. चातुर्मासात सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा आईचा नेम, आणि मी पोचल्याशिवाय ती ताटावर बसत नसे. हे तात्यांना कळल्यापासून त्या चार महिन्यांत साडेचार वाजले की ते माझ्या हातातला ट्रे काढून घ्यायचे. "जा, एसटी चुकंल. तुझ्यापायी म्हातारी उपाशी ऱ्हायची." माझं उरलेलं काम कुणी केलं, हे मॅडमना कधी कळलं नाही.

पण तात्यांची खरी ओळख सकाळची. लॅब उघडली की पेशंट यायच्या आधी ते पेशंटच्याच स्टुलावर बसायचे, डावी बाही कोपराच्या वर दुमडायचे आणि म्हणायचे, "हं, काढा माप."

हे माप म्हणजे काय, ते सांगायला हवं. लॅबला रोज एक खात्रीचं रक्त लागतं. ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असं. ते आधी तपासायचं, आकडा जुळला तर आजचं काम बरोबर समजायचं आणि मग लोकांचे नमुने घ्यायचे. बाटलीतलं तयार रक्त मुंबईहून बर्फात मागवता यायचं, पण उन्हाळ्यात बर्फ वाटेतच संपायचा आणि हातात पडायचं ते वाया गेलेलं. तेव्हा मॅडमनी तात्यांचंच रक्त माप म्हणून धरलं. तंबाखू नाही, दारू नाही, आजारपण नाही. हिमोग्लोबिन कधीही बघा, चौदा पॉइंट दोन. फार तर एखाद्या दशांशानं इकडे-तिकडे. पांढऱ्या पेशीही तशाच शिस्तीत.

तात्यांना त्याचा अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण आकडा ऐकल्याशिवाय स्टुलावरून उठायचेही नाहीत.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर सकाळी लवकर येऊन बसले होते. त्यांनी हा प्रकार बघितला आणि मॅडमना विचारलं, "ह्यांना रोज कशाला टोचता?" मॅडम म्हणाल्या, "हे आमचं प्रमाण. यांच्यावरून सगळ्यांचं जुळवून घेतो."

"नाव काय यांचं?"

"कांबळे," तात्यांनीच सांगितलं.

गुरुजींनी तात्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे माझा आकडा यांच्या रक्तावरनं ठरणार?"

"व्हय गुरुजी," तात्या बाही खाली करत म्हणाले. "आनि मागल्या येळंला तुमचं माझ्यापरास दोन कमी आलतं. पालक खावा."

मॅडम आत निघून गेल्या, कारण त्यांना हसू आवरेना. तात्या हसले नाहीत. काच पुसत बसले. गुरुजी नंतरही येत राहिले, आणि रिपोर्ट घेताना 'कांबळे आहेत का?' असं विचारायला लागले.

म्हाताऱ्या माणसांच्या रक्ताबद्दल तात्यांचं म्हणणं पक्कं होतं. वयाबरोबर आकडा थोडा उतरतो, हे त्यांना माहीत होतं. पण 'वय झालं' हे उत्तर त्यांना चालायचं नाही. कारखान्याकडची एक आजी यायची. तिचं हिमोग्लोबिन आठच्या घरात. मुलगा काउंटरवर म्हणाला, "पंच्याहत्तर हाय तिला. आता आनि काय ऱ्हानार?"

तात्या आतून बाहेर आले. "पावणं, पंच्याहत्तरीत केस पांढरं व्हत्यात, रक्त न्हाय. कुटंतरी गळती हाय. टाकीतलं पानी कमी झालं तर टाकी म्हातारी झाली म्हनतासा काय?"

मुलगा वैतागला, पण आजीचं शौच तपासायला आणून दिलं. जंत निघाले. तीन महिन्यांनी आजी स्वतः चालत आली, पदराखाली मक्याची कणसं घेऊन. "माझ्या टाकीवाल्याला द्या," म्हणाली.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पूर्वी साचे करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं तर मी डोळ्यांनी बघितलं. खोकला, थोडी कणकण. पांढऱ्या पेशी आठ हजार, म्हणजे साफ नॉर्मल. रिपोर्ट घेऊन ते आणि त्यांची सून निघूनही गेले. तात्यांनी सवयीप्रमाणे काचपट्टी बघितली आणि खुर्ची मागे सरकवून उठले. रक्तात कच्च्या पेशी दिसत होत्या. तरण्या माणसाला एवढा संसर्ग झाला तर आकडा पंधरा-वीस हजारांवर जातो. म्हाताऱ्याची फौज उशिरा उठते, आकडा गप्प राहतो. तात्या सायकल काढून थेट स्टँडवर गेले आणि त्या दोघांना बसमधून उतरवून घेऊन आले. न्यूमोनिया होता. सून मला म्हणाली, "मला वाटलं, पैसं द्यायचं ऱ्हायलं म्हनून मागं आलाय."

असा हा माणूस. साठीला नोकरीतून मोकळे झाले, तरी येत राहिले. "घरात बसून काय करू? बायकू पोळपाट फेकून मारंल," म्हणायचे.

त्याच सुमारास, नव्वदचं दशक सरताना, लॅबमध्ये पेशी मोजणारं यंत्र आलं. आता चिंचोके नकोत, चौकोन नकोत. नळी लावली की मिनिटात कागदावर आकडे. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मला शिकवलं, की खात्रीचा नमुना चालवायचा आणि आकडा जुळला नाही तर यंत्राचा फॅक्टर बदलून तो जुळवायचा. फॅक्टर म्हणजे यंत्र ज्या पटीनं गुणतं तो आकडा. चार बटणं दाबली की झालं. पण हे तयार बाटलीच्या रक्तासाठी होतं. ती महिन्यातून एकदा मागवू, असं ठरलं. दोनदा आली, दोनदा खराब निघाली. मग मॅडम म्हणाल्या, "आपले तात्या आहेत की."

तात्याच एकदा म्हणाले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. बाही दुमडता दुमडता म्हणाले, "सुकू, माप बी म्हातारं व्हतंय बरं का. माझ्या जागी कोनतरी तरना बघ."

मी म्हणालो, "तात्या, तुमचं चौदा म्हणजे चौदा."

ते खूश झाले. मीही खूश झालो. आम्ही दोघांनी मिळून ती गोष्ट तिथंच सोडली.

पुढच्या पावसाळ्यात यंत्र त्यांचा आकडा तेरा पॉइंट नऊ दाखवायला लागलं. मी फॅक्टर किंचित वर केला. महिन्याभरानं पुन्हा कमी. पुन्हा वर केला. यंत्र नवीन आहे, सैल पडतंय, असं मला वाटलं. तात्या सैल पडतील, हे डोक्यातच आलं नाही. पुढे पुढे दर सोमवारी मी बटणं दाबायचो आणि बाहेर येऊन सांगायचो, "चौदा पॉइंट दोन, तात्या." ते बाही खाली करायचे.

लोकांचे आकडे हळूहळू चांगले यायला लागले. पुरुषांचे सोळा, साडेसोळा. मॅडम एकदा कागद चाळत म्हणाल्या, "कोल्हापूरकरांना तांबडा रस्सा चांगलाच मानवलाय." आम्ही सगळे हसलो. मी जास्त हसलो. तात्यांच्या कागदावर तांबड्या पेशींचा आकार लहान होत चाललेला मी बघितला होता. तो फॅक्टर मी हलवला नव्हता, कारण त्याकडे कुणी बघत नसे. लोह कमी पडलं, रक्त झिरपायला लागलं, की पेशी लहान होतात. हे मला तात्यांनीच शिकवलं होतं. मी ते बघितलं आणि कागद दुमडून ठेवला.

तात्या दमायला लागले होते. बावड्याकडून येताना चढावर सायकलवरून उतरून चालत यायचे. हात गार पडायचे. नखं पांढरी दिसायची. आल्यावर पाच मिनिटं टेबलाला हात टेकून उभे राहायचे. मी म्हटलं, "तात्या, एकदा दाखवून या की." ते म्हणाले, "काय दाखवू? रक्त चौदा हाय. बाकीचं वय हाय."

दुसऱ्या कुणाला हे वाक्य त्यांनी बोलू दिलं नसतं. स्वतःला दिलं, कारण रोज सकाळी मी त्यांच्या हातात तो आकडा देत होतो.

मला कळलं ते हुपरीत, आमच्या घरी. वजनमापाचा निरीक्षक दरसाल येतो, वजनं तपासून शिक्का मारतो. त्या वर्षी काकांचं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन हलकं निघालं. वर्षानुवर्षं हाताळून झिजलेलं. काका हसून म्हणाले, "आनि आम्ही इतकी वरसं बाकीची वजनं ह्याच्यावरनं तपासत हुतो. समदीच खोटी म्हनायची की!" घरातले सगळे हसले. मी चहाचा कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या पद्धतीनं, हातानं, माझं, झाडलोट करणाऱ्या मावशींचं आणि दोन जणांचं हिमोग्लोबिन काढलं. मग तात्यांचं. माझं यंत्रावर सतराच्या जवळ येत होतं, हातानं चौदा आलं. तात्यांचं अकरा पॉइंट आठ.

मी फॅक्टर मूळच्या जागी आणला. चार बटणं. कुणी बघितलं नाही. मग बाहेर आलो. तात्या स्टुलावर बसूनच होते.

"किती?"

"अकरा पॉइंट आठ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल?"

"चौदा पॉइंट दोन."

"एका दिसात एवढं उतरत न्हाय, सुकू. यंत्र तपासलंस?"

"यंत्र बरोबर आहे."

तात्यांनी बाही खाली केली, बटण लावलं. मग म्हणाले, "मग कालचं चुकीचं व्हतं." मला विचारत नव्हते. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि "बघतो" म्हणालो.

पुढचं लवकर झालं. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, रक्त निदान वर्षभर तरी झिरपत असणार, आधी कळलं असतं तर वेगळं बोललो असतो. वॉर्डात त्यांची मुलगी गौतमी पलंगाशी उभी होती. ती शिक्षिका, नेमकं बोलणारी. म्हणाली, "बाबा, तुम्ही तर रोज रक्त देत होता. रोज! मग कळलं कसं नाही?"

मी दारात चहाचा थर्मास घेऊन उभा होतो. तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. छताकडे बघत म्हणाले, "माझीच हयगय, पोरी. सुकू कवापासनं दाखवा म्हनून मागं लागलाय. म्याच ऐकलं न्हाय."

गौतमीनं वळून माझ्या हातातला थर्मास घेतला आणि म्हणाली, "दादा, तुम्ही तरी सांगत होता." मी मान हलवली. तेवढंच केलं. मान हलवली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर आठ महिने तात्या होते. लॅबमध्ये परत आले नाहीत, पण मॅडमना निरोप पाठवला, की माप एका माणसावर ठेवू नका. तिघं घ्या, वेगवेगळ्या वयाचे, आणि तिघांवर लक्ष ठेवा. मॅडमना वाटलं, तात्या जाता जाता शहाणपण देतायत. त्यांनी तसं केलं. मी त्या तिघांतला एक झालो.

शेवटचे भेटलो ते बावड्यात. कारखान्याचा हंगाम चालू होता, हवेत मळीचा उग्र वास. तात्या दाराबाहेर खुर्चीवर उन्हात बसले होते. अंगावर स्वेटर, त्यावर तोच पांढरा कोट. गौतमी म्हणाली, "थंडी वाजते म्हणून घातलाय, ऐकत नाहीत." मी शेजारी बसलो. त्यांनी डावी बाही दुमडायला घेतली. बोटांना ताकद नव्हती, वेळ लागला. हात दोरीसारखा झाला होता. मी म्हणालो, "तात्या, सुई आणली नाही."

"आसू दे," ते म्हणाले. "तिगांचं काय आलं आज?"

मी तिन्ही आकडे सांगितले. माझा तेरा पॉइंट आठ.

"मागल्या म्हयन्यात तुजं चौदा व्हतं."

"हो."

"मग बघ की रं," ते म्हणाले. "तसंच सोडू नगं."

मग ते बाही खाली करायला लागले. मी मदत करायला हात पुढे केला, त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि बटण स्वतः लावलं. मी फाटकापर्यंत येऊन वळून बघितलं, तर ते उन्हाकडे डोळे मिटून बसले होते आणि उजवा हात कोटाच्या खिशात होता. चिंचोके होते की नाही, कुणास ठाऊक.

बारा दिवसांनी गेले.

माझं वय आता तात्या होते त्याच्या जवळ येत चाललंय. माझा आकडाही उतरतो, आणि दरवेळी मी तपासून घेतो. वय झालं म्हणत नाही. त्यांनी मला तेवढं जपलंय.

त्या वर्षातल्या रजिस्टरमध्ये ज्यांना मी खोटा आकडा दिला, त्यांतल्या एकालाही मी शोधलं नाही. त्यांत अशा किती आज्या असतील, ज्यांच्या मुलांना मी 'रक्त चांगलं आहे' असं लिहून दिलं. जागा बदलताना ती रजिस्टरं रद्दीत गेली. मी तिथं उभा होतो, गठ्ठे मीच बांधले. ते आता फिटणार नाही.

गौतमी मात्र बावड्यातच आहे. रस्त्यात भेटली की थांबते, मुलाला म्हणते, "हे सुकूमामा. आजोबांना हेच सांगत होते दवाखान्यात जा म्हणून." मुलगा नमस्कार करतो. मी घेतो.

तो नमस्कार मला परत करायचा आहे. तिच्या वडिलांचा आजार एक वर्ष आधी दिसत होता, तो मी झाकला, आणि वॉर्डात ते माझ्यासाठी खोटं बोलले. हे तिला तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.